पात्रता सामन्यांतला व्हीएआर: चांगला आहे, पण असला तर

११ जून २०२४, दोहा. विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला भारत–कतार सामना. छांगटेच्या गोलमुळे भारत १–०ने पुढे होता. ७३व्या मिनिटाला भारताचा गोलरक्षक गुरप्रीतने हेडर अडवला, चेंडू खांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि युसेफ आयमनने जाळ्यात मारला. पंचांनी गोल दिला. पुढे ८५व्या मिनिटाला आणखी एक गोल झाला आणि २–१ हरून भारत पात्रतेतून बाद. टीव्हीच्या कॅमेऱ्यात चेंडू बाहेर गेलेला दिसत होता. पण तो रीप्ले पंचांना दाखवायची सोयच त्या सामन्यात नव्हती. व्हीएआर, म्हणजे खोलीत बसून रीप्ले पाहून मैदानातल्या पंचाला मदत करणारा व्हिडिओ पंच, आशियाई पात्रतेत होता तिसऱ्या फेरीपासून.

व्हीएआरला एक सेवा समजून ताऱ्यांत गुण द्यायचे, तर पहिला तारा इथेच कापायचा. लहान संघांचं नशीब ठरतं सुरुवातीच्या फेऱ्यांत, आणि सेवा नसते तीही तिथेच. युरोपातही वेगळं नव्हतं. २७ मार्च २०२१ला बेलग्रेडमध्ये सर्बिया–पोर्तुगाल २–२ असताना भरपाई वेळेत रोनाल्डोचा चेंडू रेषा ओलांडून गेला, तरी गोल मिळाला नाही. ना व्हीएआर, ना चेंडूने गोलरेषा ओलांडली का हे सांगणारं गोललाइन तंत्रज्ञान. त्याच वर्षी सप्टेंबरपासून युरोपच्या उरलेल्या पात्रता सामन्यांत व्हीएआर आला.

या दोन घटना वरवर सारख्या वाटतात, पण औषध वेगळं आहे. गोललाइन तंत्रज्ञानात सहसा प्रत्येक बाजूच्या गोलजाळ्यासाठी सात असे चौदा कॅमेरे असतात आणि एका सेकंदाच्या आत पंचाच्या घड्याळात इशारा येतो. बेलग्रेडचा प्रश्न त्याने सुटला असता. दोहात मात्र ते असूनही उपयोग नव्हता, कारण ते फक्त दोन खांबांमधल्या रेषेवर निकाल देतं. खांबाबाहेर चेंडू गेला तर माणसालाच रीप्ले पाहावा लागतो.

आणि तो पाहणं दिसतं तितकं सोपं नाही. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. चेंडू बाहेर ठरायला तो अख्खा रेषेपलीकडे हवा, म्हणजे जमिनीला टेकलेला बिंदू रेषेच्या बाहेरच्या कडेपासून ११ सेंटिमीटर पुढे गेला पाहिजे. तिरक्या कॅमेऱ्यातून चेंडू आणि रेषेच्या मध्ये हिरवळ दिसते आणि घरबसल्या सगळे ‘बाहेर!’ म्हणून ओरडतात. १ डिसेंबर २०२२ला विश्वचषकातल्या जपान–स्पेन सामन्यात जपानच्या मितोमाने मागे ओढलेला चेंडू असाच होता. वरून पाहिल्यावर चेंडूचा फुगवटा रेषेवर होता, व्हीएआरने त्यावर झालेला गोल दिला, आणि तो निर्णय बरोबर होता. सेवा पैसे वसूल करते ती अशा ठिकाणी. मात्र त्यासाठी कॅमेरा रेषेच्या सरळ ओळीत किंवा डोक्यावर हवा. मैदानात मोजकेच कॅमेरे असतील तर खोलीत कितीही हुशार पंच बसवा, त्यालाही आपल्यासारखंच तिरकं चित्र दिसणार.

खोलीबद्दल थोडं. व्हीएआर हे यंत्र नव्हे, पंच आहे. त्याच्या वरच्या पडद्यावर थेट चित्र असतं आणि खालच्या पडद्यावर तेच तीन सेकंद उशिराने, चार चौकोनांत. शंका आली की त्याची नजर खाली जाते. तेवढ्या वेळात सहाय्यक वरचा खेळ सोडत नाही. शेजारी बसलेला रीप्ले ऑपरेटर हवा तो कोन काढून देतो. कोणता कोन आधी दाखवायचा हे त्याला क्षणात सुचलं नाही की मैदानातला पंच दोन-तीन मिनिटं कानाला बोट लावून उभा.

ऑफसाइडच्या (पास सुटला त्या क्षणी आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे होता का, हे ठरवणाऱ्या) रेषा हा सर्वात वादाचा भाग, आणि तो वाद रास्त आहे. नेहमीचा प्रक्षेपण कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं देतो, म्हणजे दोन चित्रांत ०.०२ सेकंदाचं अंतर. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १६ सेंटिमीटर सरकतो. बचावपटू उलट दिशेला धावत असेल तर फरक आणखी वाढतो. पासचा पहिला स्पर्श नेमका दोन चित्रांच्या मध्ये झाला, तर बुटाच्या टोकाने दिलेला ऑफसाइड म्हणजे चित्र कोणतं निवडलं याचाच निकाल. कतारमधल्या २०२२च्या विश्वचषकातल्या अर्धस्वयंचलित ऑफसाइड पद्धतीत छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूचे २९ बिंदू टिपले जात आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती देई. तिथे हा दोष बराच कमी झाला. साध्या रेषांच्या व्हीएआरकडून तेवढ्या अचूकतेची अपेक्षा धरू नये.

बिघाडही होतात. ऑस्ट्रेलियाच्या ए-लीगच्या २०१८च्या अंतिम सामन्यात ऐन वेळी खोलीत कॅमेऱ्यांची चित्रं येईनाशी झाली आणि ऑफसाइड गोल कायम राहिला. सामन्यातला तो एकमेव गोल! दाद मागायची सोय नाही: यंत्रणा बंद पडली किंवा निर्णय चुकला म्हणून सामना रद्द होत नाही, असं नियमांतच लिहिलेलं आहे. यंत्र ठीक असून बोलण्यात घोळ झाल्याचं उदाहरण म्हणजे सप्टेंबर २०२३चा टॉटनहॅम–लिव्हरपूल सामना. मैदानावर ऑफसाइड दिलाय हे खोलीतल्या पंचाच्या लक्षातच राहिलं नाही. त्याने ‘तपासणी पूर्ण’ म्हणून टाकलं, खेळ सुरू झाला आणि योग्य गोल गेला. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर असा गोल परत देता येत नाही.

स्टेडियममधल्या प्रेक्षकासाठी सेवा अजून कच्ची आहे. २०२३पासून फिफाच्या काही स्पर्धांत आणि नंतर काही लीगमध्येही पंच माइकवरून निर्णय सांगू लागले, तेवढाच दिलासा. बाकी ठिकाणी पंचाचे हात पाहायचे. कानाला बोट म्हणजे नुसती तपासणी. हवेत चौकोन काढून तो मैदानाकडेच्या पडद्याकडे धावला, तर निर्णय फिरण्याची शक्यता बरीच.

मोठ्या सामन्यांना चार तारे, सुरुवातीच्या फेऱ्यांना शून्य. व्हीएआर परवडत नाही तिथे फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट हा स्वस्त पर्याय आहे. २०२४मध्ये कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात तो वापरला गेला. वेगळी खोली नाही, वेगळे व्हिडिओ पंच नाहीत. प्रशिक्षक हवेत बोट फिरवतो, चौथ्या पंचाकडे कार्ड देतो आणि मुख्य पंच स्वतः पडद्यावर रीप्ले पाहतो. प्रत्येक संघाला अशा दोन मागण्या. मागणी बरोबर ठरली तर ती खर्ची पडत नाही. मोजक्या कॅमेऱ्यांत काम भागतं, पण सेंटिमीटरचा ऑफसाइड त्यात सुटणार नाही. शिवाय बाकावरच्या माणसाला चूक त्याच क्षणी दिसायला हवी: खेळ एकदा सुरू झाला की ही मागणीही सहसा चालत नाही.