आयटीआयच्या मुलांसाठी महाडीबीटी: पैसे मिळतात, पण अर्जाच्या मागे राहावं लागतं

सेवा: महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचं राज्य सरकारचं पोर्टल. कोणाच्या नजरेतून: रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आयटीआयत शिकणारी मुलं आणि त्यांचे पालक. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण कुठे गेला, ते पुढे येईलच.

आधी हातात काय पडतं ते बघू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. या योजनेत अभ्यासक्रमांचे गट आहेत, आयटीआय चौथ्या गटात येतं. घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० रुपये निर्वाह भत्ता मिळतो, मान्य शुल्क वेगळं. आदिवासी, विमुक्त-भटके, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्ग यांच्या योजना त्या त्या खात्याच्या आहेत. त्यांच्या उत्पन्नमर्यादा सारख्या नाहीत, म्हणून शेजारच्या मुलाचा आकडा आपल्याला लावू नये. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षण संचालनालयाची शुल्क प्रतिपूर्ती आहे. खासगी आयटीआयत व्यवस्थापन कोट्यातून थेट प्रवेश घेतला असेल, तर ती धरून चालू नका. प्रवेश केंद्रीय (सरकारी ऑनलाइन) प्रवेश फेरीतूनच हवा आणि जागा मिळाल्याचं वाटपपत्र जपून ठेवायला हवं.

सरकारी आयटीआयचं विद्यावेतन ही वेगळी गोष्ट. ते वर्षानुवर्षं महिना ४० रुपये होतं, २०२३ मध्ये ५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. त्याची चौकशी संस्थेच्या कार्यालयात करायची. महाडीबीटीवर अर्ज केला म्हणजे विद्यावेतनाचंही काम झालं, असं समजू नका.

आता अर्ज. प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह अशी पानं आहेत. सगळी भरल्याशिवाय योजना निवडता येत नाही. इथे पोर्टलचं कौतुक करायला हवं: माहिती एकदा नीट भरली की पुढच्या वर्षी नूतनीकरण सोपं जातं. सर्वात महागात पडणारी चूक होते ती चालू अभ्यासक्रमाच्या पानावर. एका तालुक्यात सरकारी आणि खासगी अशा दोन आयटीआय असतील तर यादीत नावं जवळजवळ सारखी दिसतात. चुकीचं नाव निवडलं की अर्ज दुसऱ्याच संस्थेच्या टेबलावर जातो. तिथे तुमचं नाव पटावर नसतं, त्यामुळे अर्ज पडून राहतो किंवा फेटाळला जातो. नाव निवडताना प्रवेशाची पावती समोर ठेवा. ट्रेडचं (आयटीआयतल्या अभ्यासक्रमाचं) नाव आणि वर्षही त्याच पावतीवरून भरा.

दुसरी अडचण फाइलच्या आकाराची. प्रत्येक कागद १५ ते २५६ केबीच्या दरम्यान लागतो. मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. मग घाईत तो इतका दाबला जातो की तहसीलदारांचा शिक्का आणि बारकोड खालचा क्रमांक वाचता येत नाही. कागद उन्हाच्या उजेडात सपाट ठेवा, स्कॅनरच्या अ‍ॅपमधून काळा-पांढरा पीडीएफ करा, आणि अपलोड करण्याआधी तो उघडून बारकोडचा क्रमांक वाचून बघा. तुम्हाला वाचता आला नाही, तर तपासणाऱ्यालाही येणार नाही.

उत्पन्नाचा दाखला हा कोकणातला खास गुंता आहे. सातबारा सामाईक, त्यावर आजोबा-चुलत्यांची पाच-दहा नावं, वडील मुंबईला कामाला आणि रेशनकार्ड गावाला. तलाठ्याच्या अहवालात वडिलांची मुंबईची कमाई दाखवायचीच असते. वडिलांचं पगारपत्रक किंवा मालकाचं पत्र आधीच मागवून ठेवा, नाहीतर त्याच एका कागदासाठी दाखला अडतो. दाखला कुठल्या वर्षाचा आणि कधीपर्यंत चालणारा आहे, तेही बघा. ३१ मार्चला मुदत संपलेला दाखला जूननंतरच्या अर्जाला लावला की अर्ज परत येतो. सेतूवर दहावीचा निकाल लागल्याबरोबर जा. चतुर्थीच्या आधीचे आठवडे अर्धं गाव कार्यालयाच्या दारात असतं आणि नंतरचे दिवस सणात जातात.

नावाचा घोळही असतोच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. यात काही बिघडत नाही. पण वडिलांचं नाव एकीकडे ‘बाळकृष्ण’ आणि दुसरीकडे ‘बाळा’ असेल तर आधार दुरुस्त करूनच अर्ज करा.

अर्ज भरून ‘सबमिट’ झाला की अर्धंच काम झालं. तो आधी संस्थेच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि पुढे खात्याकडे जातो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर तो ‘सेंड बॅक’ होऊ शकतो. मोबाइलवर संदेश येईलच याचा भरवसा नाही. म्हणून दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघावी. परत आलेला अर्ज त्रुटी काढून पुन्हा पाठवला नाही तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती बुडते. एका गुणाची कपात याचीच. खात्याकडे सगळी माहिती असते, पण अर्ज अडलाय हे विद्यार्थ्याने स्वतः शोधायचं.

राहिलेला अर्धा गुण पैशांच्या वाटेचा. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जाते असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ती आधारशी शेवटचं जोडलेल्या बँकेत जाते. मध्ये पोस्टमनने घरी येऊन इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं आणि आधार जोडायला संमती घेतली, की पुढचे पैसे तिकडे जातात. पोर्टलवर ‘जमा’ दिसतं आणि जुन्या पासबुकात काहीच नसतं. माय-आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. पतसंस्थेचं खातं या कामाला चालत नाही. खातं अजिबात नसेल तर याच पोस्ट पेमेंट्स बँकेचं उत्तम, कारण ते आधार आणि अंगठ्यावर लगेच उघडतं. अनुसूचित जातीच्या योजनेत आणखी एक: केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा वेगवेगळ्या वेळी येतो. पहिली रक्कम बघून ‘कमी आले’ म्हणून तक्रार करण्याआधी थांबा. त्यातली फीची रक्कम संस्थेला भरायची असते, ती खर्चून टाकू नका.

वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे ट्रेड. या मुलांना नूतनीकरण नाही, संधी एकच. पैसे अनेकदा परीक्षा होऊन मुलगा गोव्याला किंवा मुंबईला कामाला गेल्यावर येतात. तोवर सिमकार्ड आणि बँक खातं बंद करू नका. इलेक्ट्रिशियन, फिटर, रेफ्रिजरेशन यांना दोन वर्षं मिळतात, पण दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज स्वतःहून करावा लागतो. हजेरीकडेही लक्ष हवं. परीक्षेला बसायलाच ८० टक्के लागते, आणि भातलावणीच्या दिवसांतले खाडे इथे नडतात.

महाडीबीटीच्या बाहेरही बघा. एलआयसीची सुवर्णजयंती शिष्यवृत्ती आयटीआयलाही आहे, दहावीला किमान ६० टक्के हवेत. दोन वर्षांचा ट्रेड करून मालवण किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलीला ‘प्रगती’ शिष्यवृत्तीतून वर्षाला ५० हजार मिळू शकतात. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि एका घरातल्या दोनच मुलींना ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. वडील गवंडीकाम किंवा इतर बांधकामावर असतील आणि बांधकाम कामगार मंडळात त्यांची नोंदणी जिवंत असेल, तर पदविकेला मंडळाचंही साहाय्य आहे. त्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराकडून पावसाआधीच घ्या, पावसात कामं बंद झाली की ठेकेदार सापडत नाही.