हापूसच्या पेटीवर रोझा की यात्रा?

आंब्याचा सीझन तोंडावर आला की रत्नागिरी-देवगडकडे पेटीच्या नव्या डिझाइनची घाई सुरू होते. ठसठशीत आणि जरा नखरेल अक्षर हवं असेल, तर गुगल फॉन्ट्सवरचे दोन देवनागरी फॉन्ट मला खरोखर विचारात घेण्याजोगे वाटतात: रोझा वन आणि यात्रा वन. दोन्ही फुकट आहेत आणि विकायच्या मालावर बिनधास्त वापरता येतात.

रोझा इंडियन टाइप फाउंड्रीचा. त्याची इंग्रजी अक्षरं ‘फॅट फेस’ जातीची, म्हणजे दांडे काळेभोर जाड आणि टोकांच्या छोट्या रेघा (सेरिफ) केसाइतक्या बारीक. ही जात १९व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये जाहिरातींसाठीच जन्मली. देवनागरीतही जाड-बारीकचा तोच खेळ आहे. आर्ट पेपरच्या ऑफसेट लेबलवर मोठ्ठं ‘हापूस’ छापलं, तर त्याच्याइतकं रुबाबदार दुसरं काही दिसणार नाही.

पण पुठ्ठ्याच्या पेटीवर मी रोझा लावणार नाही. तिथे छपाई बहुतेक फ्लेक्सोची, म्हणजे रबरासारख्या मऊ ठशांची, आणि पुठ्ठा शाई पितो. बारीक रेघ एकतर फुगते, नाहीतर मध्येच तुटते. ‘रत्नागिरी’तल्या ‘त्न’कडे नीट पाहा: आतली पांढरी फट आधीच चिंचोळी, ती भरली की नुसता काळा डाग उरतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. आता तर गावाजिल्ह्याचं नाव स्वच्छच वाचता यायला हवं.

यात्रा इथे सरस ठरतो. कॅथरीन श्मिट यांनी तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवला. इंग्रजी अक्षरांनाही देवनागरीच्या कलमाचा कोन दिलाय, त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच हातच्या वाटतात. रेघांना अंग आहे, म्हणून पुठ्ठ्यावर तग धरतो. मालवण-गुहागरकडे होमस्टेची पाटी ॲक्रिलिकमध्ये कापून घेणाऱ्यांनीही हाच घ्यावा. रोझाच्या नाजूक टोकांना कापताना धोका असतो.

प्लेफेअर डिस्प्ले या इंग्रजी फॉन्टचा मोह अनेकांना होतो. सुंदरच आहे, पण त्यात देवनागरी नाही. इंग्रजी मेनूकार्डापुरता ठेवा.

पत्ता, वजन, फोन नंबर मात्र दोन्हींत लिहू नका. ही मोठ्या आकाराची अक्षरं. बारीक मजकुराला मुक्तासारखा साधा फॉन्ट घ्या.

ठरवण्याआधी ‘मालवण’, ‘शिरोडा’, ‘किनाऱ्यावर’ हे तीन शब्द टाइप करून बघा. ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे येतात का आणि ‘ऱ्या’ नीट जुळतो का, ते लगेच कळतं. आणि प्रेसवाल्याकडून प्रूफ घ्याल ते तुमच्याच पुठ्ठ्यावर घ्या. स्क्रीनवर दोन्ही फॉन्ट छानच दिसणार.