आशाताईच्या सहा फेऱ्या अन् माझं दोन किलोचं माप

धानोरा तालुक्यात आमचं किराण्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. त्यामुळे कोणाचंही काम पाहताना माझी नजर आधी काट्याकडे जाते.

ऑगस्टात मुलगी झाली. दवाखान्यात वजन भरलं 2 किलो 100 ग्रॅम. अडीच किलोच्या आत, म्हणजे कमी वजनाचं बाळ. परतीची गाडी डांबर संपलं तिथंच थांबली. पुढचा चिखल आम्ही ट्रॅक्टरवर काढला. ही सेवा घरापर्यंत फुकट असते, हे मागाहून कळलं. ते जाऊ द्या. मला लिहायचं आहे ते त्यानंतर बाळ तपासायला दारात आलेल्या आशाताईबद्दल, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेबद्दल.

तिसऱ्या दिवशी ताई पिशवी घेऊन आली. साबणानं हात धुतले, रिकामी झोळी काट्याला अडकवून काटा शून्यावर आणला, मग लेकराला झोळीत ठेवलं. बरोबर 2 किलो! काटा पिवळ्या पट्ट्यात, पण तांबड्याला टेकलेला. शंभर ग्रॅमची घट? साखरेच्या पोत्यात एवढी घट निघाली तर मी व्यापाऱ्याला सोडत नाही. मी सरळ दुकानातून मोहोर मारलेलं दोन किलोचं माप आणलं अन् म्हटलं, "ताई, हे टांगा."

ताईनं टांगलं. काटा बरोबर निघाला.

"भाऊ, पहिल्या दिवसांत लेकरू थोडं घटतेच. दूध पाजत राहा, मग पाहा," ती म्हणाली. रागावली नाही, उलट माप परत देताना हसली.

मग बाळाचं पोट उघडं करून घड्याळावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 48 भरले. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तरी तेवढेच आले तर दवाखाना. आई नाळेला हळद-तेल लावायला बसली होती, तिला थांबवलं. बाजेखालची धुराची शेगडीही बाहेर गेली. त्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ताईशी मात्र बोलत होती! लेकराला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, अन् हे बापानंही करायचं, असं ताईनं सांगितलं. रोज रात्री दुकान बंद केल्यावर मी तासभर बसायचो. मित्र हसले, हसू द्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 अन् 42 व्या दिवशी अशा सहा फेऱ्या. घरी झालं तर पहिल्या दिवशीची एक जास्त. आमची चौदाव्या दिवसाची फेरी सोळाव्या दिवशी झाली, नाला भरला होता. एकदा थर्मामीटरचा सेल बसला होता, तो मी दुकानातला दिला. उणं काढायचं तर एवढंच. वजन मात्र चढत गेलं: सोळाव्याला 2 किलो 300, अठ्ठाविसाव्याला 2 किलो 700. काटा हिरव्यात.

गंमत म्हणजे ही पद्धत आपल्याच जिल्ह्यातली. 'सर्च' या आरोग्य संस्थेच्या डॉ. अभय बंग अन् डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या 39 गावांत गावातल्याच बायांना हे शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात हे छापून आलं, अन् 2011 पासून देशभरच्या आशांकडे हे काम आलं.

आता हिशेबाचं. या सहा फेऱ्यांचे केंद्र सरकारच्या दरात आशाला 250 रुपये. भागाकार केला, एका फेरीचे एकेचाळीस रुपये सहासष्ट पैसे. तेही बेचाळीस दिवसांनंतर, वजनाची नोंद, लसी अन् जन्मनोंदणी झाली तर. आमच्याकडे हमालही या भावात पोतं उचलून दोन कोस चालणार नाही. सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच. भाव ठरवणाऱ्यांना एकही नाही.

बेचाळिसाव्या दिवशी 3 किलो 150 भरले. कागदावर सही घेऊन ताई दुकानात आली, अर्धा किलो साखर मागितली. मी पुडा काट्यावर ठेवला, तर म्हणते कशी, "भाऊ, आधी शून्यावर आणा."