कमकुवत नेतृत्वाचं उदाहरण कोणाचं घ्यावं, मर्केल की कॅमेरन?

युरोपीय एकीकरणाच्या संकटात नेते कसे कमी पडले यावर भाचीला निबंध लिहायचाय, आणि ती अडकलीये की युरो संकटातल्या तेव्हाच्या जर्मन चान्सलर मर्केल घ्याव्या की ब्रेक्झिटवाले तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान कॅमेरन.

वेळेचं बघितलं तर मर्केल जास्त दोषी. ग्रीसने ऑक्टोबर 2009 मध्ये सांगून टाकलं की सरकारी तूट आधी दाखवली त्यापेक्षा खूप मोठी आहे, तरी 110 अब्ज युरोचं पहिलं मदत पॅकेज यायला मे 2010 उजाडला, तिकडे जर्मनीत नॉर्थ राईन-वेस्टफालिया राज्याची निवडणूक तोंडावर होती ना, मग मर्केल यांचं चाललंय आज बघू उद्या बघू. बाजार थोडे सावरले ते थेट जुलै 2012 मध्ये, युरोपीय सेंट्रल बँकेचे तेव्हाचे प्रमुख मारिओ द्राघींनी युरो वाचवायला लागेल ते करू असं सांगितल्यावर. निवडून आलेल्यांचं काम सेंट्रल बँकेच्या माणसाने केलं, याचा मला खरंच राग येतो.

कॅमेरन यांचा घोळ वेगळा. पक्षातली भांडणं मिटवायला 2013 मध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमताचं वचन दिलं, हरलो तर पुढे काय याची तयारीच करून ठेवली नाही आणि 24 जून 2016 च्या सकाळी राजीनामा जाहीर करून मोकळे.

किंमत कोणी मोजली? ग्रीसमध्ये 2013 ला बेरोजगारी 27 टक्क्यांवर, तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त. ब्रिटनचं बाहेर पडणं जानेवारी 2020 पर्यंत रखडलं.

चालढकल आणि अर्थकारण यावर लिहायचं असेल तर मर्केल घे. पक्षासाठी देश पणाला लावणं दाखवायचं असेल, शब्दमर्यादाही कमी असेल, तर कॅमेरन.