पोस्टाची आरडी : ओढगस्तीच्या संसाराला कितपत उपयोगी?

महिनाअखेरीस हातात जेमतेम शे-दोनशे रुपये उरतात अशा कुटुंबासमोर बचतीची जी साधने येतात, त्यांत पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव, म्हणजे सर्वांच्या तोंडची आरडी, हे सर्वांत जुनाट दिसणारे साधन आहे. तिची फारशी जाहिरात होत नाही आणि तिच्यामुळे कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. तरीही लालबाग-नायगावच्या चाळींपासून विरार-बदलापूरच्या नव्या इमारतींपर्यंत कपाटातल्या साड्यांखाली तिची पासबुके जपून ठेवलेली आढळतात. या सेवेचे मोल ठरवताना व्याजदराचा प्रश्न सर्वांत आधी विचारणे मला चुकीचे वाटते. तंगीतल्या घराचा खरा प्रश्न वेगळा असतो : बाजूला काढलेला पैसा पुढच्याच आठवड्यात किराण्यासाठी परत ओढला जाणार नाही, पण खरोखरीच नड आली तर हाती लागेल, अशी जागा कोणती? या कसोटीवर पोस्टाची आरडी बरीचशी उतरते, मात्र ती कशी वापरली जाते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

आधी तिच्या अटी. दरमहा किमान १०० रुपये आणि त्यापुढे १०च्या पटीत कितीही रक्कम भरता येते, मुदत पाच वर्षे म्हणजे ६० हप्ते असते आणि व्याज तिमाही चक्रवाढीने मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा दर ६.५ वरून ६.७ टक्क्यांवर आला. त्या दराने महिना १,००० रुपये भरणाऱ्याचे पाच वर्षांत ६०,००० रुपये जमा होतात आणि मुदतीअखेर सुमारे ७१,३६६ रुपये हाती येतात. सरकार हा दर दर तिमाहीला तपासत असले, तरी खाते उघडताना लागू असलेला दर त्या खात्यापुरता पाच वर्षे कायम राहतो, ही हिशेबाने चालणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने मोठी सोय आहे. या गुंतवणुकीवर ८०सी कलमाची करसवलत नाही आणि व्याज करपात्र आहे. अर्थात ज्या घरांविषयी येथे लिहीत आहे, त्यांतल्या बहुतेकांचा आयकराशी संबंधच येत नाही.

या सेवेचे खरे बळ, माझ्या मते, टपाल कचेरीच्या खिडकीपेक्षा दारात येणाऱ्या एजंटबाईत आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली नेमल्या जाणाऱ्या या एजंट फक्त स्त्रियाच असतात. त्या घरोघर जाऊन हप्ता गोळा करतात, कार्डावर सही करतात आणि पैसे पोस्टात भरतात. त्याबद्दल त्यांना सरकारकडून ४ टक्के कमिशन मिळते व ते ठेवीदाराच्या व्याजातून कापले जात नाही. हजाराच्या हप्त्यामागे चाळीस रुपये मिळवण्यासाठी कोणी चार जिने चढून येते, आणि तेही पगार झाल्याबरोबर, दूधवाला, केबलवाला व वाणी यांचे देणे भागवण्याआधी. बँकेचे ॲप आठवण करून देते, पण ॲपला ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे सांगणे सोपे असते. दारात उभ्या असलेल्या ओळखीच्या बाईला तसे सांगायला संकोच वाटतो. बचत टिकवण्यात या संकोचाचा वाटा मोठा आहे.

तरीही एक दक्षता घेतलीच पाहिजे. कार्डावरची सही म्हणजे एजंटने पैसे घेतल्याची पोच, तर पासबुकातली नोंद म्हणजे पैसे खात्यात जमा झाल्याचा पुरावा, आणि या दोहोंची सांगड दर दोन-तीन महिन्यांनी स्वतः घालून पाहावी. बाई कितीही विश्वासाची असली तरी पासबुक कायमचे तिच्याकडे ठेवू नये. ज्यांना एजंट नको असेल त्यांना खिडकीवर जाऊन किंवा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या ॲपवरून हप्ता भरता येतो, मात्र तेथे शिस्त स्वतःचीच लागते.

आता उणे बाजू. पाच वर्षे हा काळ हातातोंडाची गाठ असलेल्या घराला फार मोठा आहे. खाते तीन वर्षे पूर्ण होण्याआधी बंद करता येत नाही आणि तीन वर्षांनंतर, पण मुदतीपूर्वी बंद केले, तर ६.७ ऐवजी बचत खात्याचे ४ टक्के व्याज पदरात पडते. मुदत संपायला एक दिवस उरला असला तरी नियम हाच. हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो. ही रक्कम किरकोळ वाटते खरी, पण महिन्याला एक टक्का म्हणजे व्याजापेक्षा दंडाचा दर अधिक झाला. लागोपाठ चार हप्ते चुकले की खाते खंडित होते आणि दोन महिन्यांत ते पुन्हा सुरू केले नाही तर पुढे पैसे भरता येत नाहीत. चारपेक्षा अधिक हप्ते चुकले नसतील, तर तेवढ्याच महिन्यांनी मुदत वाढवून घेऊन राहिलेले हप्ते त्या वाढीव काळात भरण्याची मुभा नियमांत आहे. ती फार थोड्यांना ठाऊक असते.

म्हणूनच, ही ठेव घेणाऱ्यांपैकी पुष्कळजण ज्या पद्धतीने ती घेतात ती मला पटत नाही. बोनसच्या किंवा पगारवाढीच्या उत्साहात दोन हजारांचे एकच खाते उघडले जाते, दीड वर्षाने घरात आजारपण येते आणि सबंध हप्ताच थकतो. एका व्यक्तीने किती खाती उघडावीत यावर बंधन नाही, याचा लाभ घेणे अधिक शहाणपणाचे. दरमहा १,५०० रुपये वाचवण्याची उमेद असलेल्या घराने ३०० रुपयांचे एक खाते यंदाच्या जूनमध्ये, दुसरे पुढच्या जूनमध्ये, अशी पाच वर्षांत पाच खाती उघडावीत. पहिल्या वर्षी बोजा फक्त ३०० रुपयांचा असतो, वर्ष कठीण गेले तर नवे खाते उघडायचे नाही एवढेच, आणि निकड आलीच तर पाचांपैकी एकच मोडून बाकीच्या चारांवरचे व्याज शाबूत राहते. पहिले खाते पूर्ण झाले की त्यानंतर दर जूनला सुमारे २१,४०० रुपये हाती येऊ लागतात, म्हणजे शाळा-कॉलेजची फी, वह्या-पुस्तके, छत्र्या-रेनकोट यांनी मुंबईकराचा खिसा सर्वांत रिकामा होतो नेमक्या त्याच महिन्यात. पक्व झालेल्या खात्याची जागा नव्या खात्याने घेतली की चक्र चालू राहते. एजंटबाईला पाच कार्डे सांभाळावी लागतात म्हणून ती थोडी कुरकुरेल, पण तिच्या कमिशनात फरक पडत नाही.

आणखी दोन सोयी अशा आहेत की त्यांच्यावाचून ही ठेव तंगीतल्या घरासाठी मी सुचवलीच नसती. पहिली कर्जाची. बारा हप्ते भरून वर्ष पूर्ण झाले की शिल्लक रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते आणि त्यावरचे व्याज ठेवीच्या दरापेक्षा २ टक्के अधिक, म्हणजे ६.७ टक्क्यांच्या खात्यावर ८.७ टक्के असते. हे कर्ज एकरकमी किंवा हप्त्यांनी फेडता येते आणि फेडलेच नाही तर मुदतीअखेरच्या रकमेतून व्याजासह वळते होते. सावकाराकडे शेकड्याचा हिशेब महिन्याचा असतो, येथे तो वर्षाचा आहे. पहिल्या तीन वर्षांत खाते मोडता येत नसले, तरी या कर्जामुळे वर्षभरानंतर नड भागू शकते. दुसरी सोय आगाऊ हप्त्यांची. सहा हप्ते एकदम भरले तर मासिक हप्त्याच्या शंभरामागे १० रुपये आणि बारा भरले तर ४० रुपये सूट मिळते, म्हणजे हजाराच्या खात्यात बारा हप्ते एकत्र भरणाऱ्याचे ४०० रुपये वाचतात. ज्यांची मिळकत अनियमित आहे त्यांनी, म्हणजे गणपतीच्या हंगामात डेकोरेशनची कामे करणाऱ्यांनी किंवा दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायकांनी, हंगामाच्या कमाईतून वर्षाचे हप्ते भरून टाकावेत. दिवाळीचा बोनस मिळणाऱ्या नोकरदाराने तर टीव्हीच्या दुकानात शिरण्याआधी हे करावे.

पर्यायांपैकी भिशीचा विचार प्रथम केला पाहिजे, कारण मुंबईतल्या बायकांची खरी बँक तीच आहे. बारा जणींच्या हजाराच्या भिशीत वर्षभरात एकदा १२,००० रुपये एकरकमी मिळतात. ज्या बाईचा नंबर पहिल्या महिन्यात लागतो तिला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखे होते आणि शेवटच्या नंबराची बाई वर्षभर बिनव्याजी ठेव ठेवून बसते. वर्षाच्या आतल्या खर्चासाठी ओळखीपाळखीच्या मंडळातली भिशी आरडीपेक्षा निःसंशय सोयीची आहे. मात्र मंडळातली एक जण मध्येच घर सोडून गेली तर कागदोपत्री दाद मागायला काही नसते. सोनारांच्या मासिक योजनांत शेवटी दागिनाच घ्यावा लागतो आणि बहुधा घडणावळही येते, त्यामुळे लग्नघर सोडून इतरांनी त्यांना बचत समजू नये. पतपेढीचा रोजचा भरणा फेरीवाल्याला व रिक्षावाल्याला सोयीचा असला, तरी पतपेढीतल्या ठेवींना बँकांप्रमाणे ५ लाखांपर्यंतचे विमासंरक्षण नसते. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर २०१९च्या सप्टेंबरात निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला अवघे १,००० रुपये काढण्याची परवानगी होती, आणि त्या वेळी बँक ठेवींचे विमासंरक्षणही १ लाखापुरतेच होते, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. पोस्टातल्या ठेवीमागे केंद्र सरकार उभे आहे; त्या दिलाशासाठी अर्धा-पाऊण टक्का व्याज कमी मिळाले तरी मी तक्रार करणार नाही. बँकेच्या आरडीला मात्र एक फायदा निश्चित आहे : ती वर्षभराच्या मुदतीचीही मिळते, त्यामुळे गणपतीला गावी जाण्याचा किंवा विम्याच्या वार्षिक हप्त्याचा खर्च तीतून काढावा आणि पोस्टाची आरडी अधिक लांबच्या गरजांसाठी राखावी.

डोक्यावर क्रेडिट कार्डाची थकबाकी किंवा खासगी कर्ज असलेल्या घराने मात्र तूर्त या खिडकीकडे फिरकू नये. ६.७ टक्के मिळवण्यासाठी ठेव ठेवायची आणि तिच्या कितीतरी पट दराने व्याज भरत राहायचे, यात पदरात तोटाच पडतो. आधी ते देणे संपवावे आणि फेडीसाठी जी रक्कम दरमहा बाजूला निघत होती, तीच पुढे आरडीकडे वळवावी.

खाते उघडायला आधार लागते, पॅन जवळ असलेले बरे. वारसाचे नाव त्याच वेळी लिहून द्यावे. खाते एकट्याच्या किंवा तिघांपर्यंत प्रौढांच्या नावाने निघते. नवऱ्याची नोकरी बेभरवशाची असेल तर ते पती-पत्नी दोघांच्या नावाने काढणे इष्ट. तारखेचाही विचार करावा : महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खाते उघडले तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि १६ नंतर उघडले तर महिन्याच्या कामकाजाच्या शेवटच्या दिवसापर्यंत सवड मिळते. ज्यांचा पगार एक तारखेला होतो त्यांनी पहिला पंधरवडा धरावा. ज्यांना ठेकेदाराकडून दहा-बारा तारखेनंतर, तेही तुकड्यातुकड्यांनी पैसे मिळतात, त्यांनी मुद्दाम १६ तारखेनंतर पोस्टात जावे.