चारच पेशंट: कॅलिफोर्नियातले तेरा आठवडे आणि माझी एजन्सी

मी टेलिमेट्रीची नर्स, म्हणजे ज्यांच्या हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघावे लागतात अशा पेशंटच्या वॉर्डातली. घर ह्यूस्टनला, अकरा वर्षांची नोकरी तिथलीच, त्यातही बहुतेक नाइट ड्यूटी. यंदा जानेवारीत पहिल्यांदा ट्रॅव्हल नर्स म्हणून, म्हणजे काही आठवड्यांसाठी दुसऱ्या गावातल्या रुग्णालयात काम करायला, बाहेर पडले. एका मोठ्या एजन्सीमार्फत कॅलिफोर्नियात, बेकर्सफिल्डला, १३ आठवड्यांच्या काँट्रॅक्टवर. एजन्सीचं आणि रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. पण काय मिळालं आणि काय बुडालं ते आकड्यांसकट सांगते. निघण्याआधी मी हेच शोधत होते आणि मराठीत मला काही सापडलं नव्हतं.

पहिल्या रात्री हँडओव्हर घेतला. चार पेशंट. मी कागद हातात धरून उभीच राहिले, पुढची नावं कोण देणार म्हणून. ह्यूस्टनला मला रात्री सहा असायचे, माणसं कमी असली की सात. चार्ज नर्सला, म्हणजे त्या ड्यूटीच्या प्रमुख नर्सला विचारलं, "बाकीचे?" ती म्हणाली, "बाकीचे कुठले? टेलिमेट्रीला चारच."

हे तिच्या चांगुलपणावर अवलंबून नाही, कॅलिफोर्नियाचा कायदाच आहे. १९९९ मध्ये झाला आणि २००४ पासून अमलात आला. आयसीयूत एका नर्सकडे जास्तीत जास्त दोन पेशंट, इमर्जन्सीत चार, टेलिमेट्रीत चार, साध्या मेडिकल-सर्जिकल वॉर्डात पाच. हा पाचाचा आकडाही सहज टिकलेला नाही. सहावरून पाचावर यायची वेळ आली तेव्हा तेव्हाचे गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ते थांबवायचा प्रयत्न केला होता. नर्सेसची युनियन रस्त्यावर उतरली, कोर्टात गेली आणि जिंकली. टेक्सासमध्ये कायद्यात असा आकडाच नाही. किती नर्स लावायच्या याचा आराखडा प्रत्येक रुग्णालय आपल्या कमिटीमार्फत ठरवतं.

आणि हा आकडा जेवणाच्या वेळीही मोडता येत नाही. मला सगळ्यात जास्त हलवलं ते याने. रात्री साडेअकराला एक नर्स माझ्यासमोर येऊन उभी राहिली, "तुझे पेशंट दे, जेवून ये." ती फक्त ब्रेक द्यायलाच नेमलेली. अर्ध्या तासात माझा फोन एकदाही वाजला नाही, कारण तो तिच्याकडे होता. अकरा वर्षं मी पेशंटच्या नोंदी लिहिता लिहिता डबा खाल्ला आहे. त्या रात्री भिंतीकडे बघत शांतपणे जेवले आणि डोळ्यांत पाणी आलं. जेवणाची सुट्टी मिळाली नाही तर तिथल्या कायद्याने एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो, त्यामुळे सुट्टी मिळते का यावर लक्ष ठेवलं जातं.

चार पेशंट असले की काय होतं याचं एकच उदाहरण देते. शेतात काम करणारे एक काका होते, न्यूमोनिया म्हणून दाखल झालेले, अँटिबायोटिकने उतार नाही. तपासणीत निघाला व्हॅली फीव्हर. तिथली मंडळी त्याला नुसतं 'कॉक्सी' म्हणतात. बुरशीचा आजार, ती त्या भागातल्या मातीत असते आणि धुळीतून छातीत जाते. ह्यूस्टनला मी एकही केस सांभाळली नव्हती. घाबरून आयसोलेशनचा गाउन शोधायला लागले, तेव्हा डे ड्यूटीच्या सिस्टरने हात धरून समजावलं की हा माणसाकडून माणसाला लागत नाही. काकांना फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं, ते काही महिने घ्यायचं होतं. समजावून सांगायला टॅबलेटवर स्पॅनिश दुभाषी लावला, काका प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणून मला शंका आली. त्यांच्या मुलीला फोन लावला. त्यांची भाषा मिस्तेको होती, मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांची, स्पॅनिश जेमतेम कळत होतं. मग मिस्तेकोचा दुभाषी मिळवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चाळीस मिनिटं गेली. गोळ्या बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत हे त्यांनी आपल्या तोंडाने मला परत सांगितलं. सात पेशंट असते तर डोलवलेल्या मानेवर विश्वास ठेवून मी पुढच्या खोलीत गेले असते.

आता एजन्सी.

लायसन्सच्या बाबतीत एजन्सीच्या रिक्रूटरने, म्हणजे काम मिळवून देणाऱ्या माणसाने, मला अर्धवट माहिती दिली. माझं टेक्सासचं लायसन्स मल्टिस्टेट आहे, राज्यांनी आपसात केलेल्या करारामुळे चाळीसहून जास्त राज्यांत चालतं. कॅलिफोर्निया त्या करारात नाही. तिथल्या बोर्डाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात. मी कार्डावर शाईचे ठसे पोस्टाने पाठवले आणि थांबून राहिले. कॅलिफोर्नियात जाऊन लाइव्ह स्कॅन केलं असतं तर ते ठसे थेट संगणकावरून गेले असते. हे मला नंतर एका सहकारी नर्सने सांगितलं. एजन्सीचं रोजचंच काम आहे हे, त्यांनी सांगायला हवं होतं.

पैशांचं. आठवड्याला २,३४० डॉलर ठरले होते. त्यात करपात्र पगार ताशी ३० डॉलरप्रमाणे ३६ तासांचा, म्हणजे १,०८० डॉलर. उरलेले १,२६० घरभाड्याचा आणि जेवणाचा भत्ता. हा भत्ता करमुक्त राहायचा असेल तर मूळ घर खरोखर चालू हवं आणि दोन्हीकडचा खर्च तुमच्या अंगावर हवा. आमचा ह्यूस्टनच्या घराचा हप्ता सुरू आहे, म्हणून मला तो घेता आला. "पन्नास मैलांबाहेर असलं की झालं" असं रिक्रूटर सांगेल, मलाही सांगितलं. करखात्याचा असा नियम नाही. एकाच ठिकाणी वर्षाहून जास्त राहायचं ठरलं तर भत्ता करपात्र होतो, हेही माहीत असू द्या. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्नियातल्या कमाईवर मात्र तिथला भरावा लागला, वेगळं रिटर्नही आलं.

ओव्हरटाइमचं आधी विचारा. कॅलिफोर्नियाचा सर्वसाधारण नियम दिवसाला ८ तासांनंतर दीडपट, १२ नंतर दुप्पट असा आहे. पण जिथे कर्मचाऱ्यांनी मतदान करून १२ तासांची ड्यूटी मान्य केली आहे तिथे ८ नंतरचं दीडपट मिळत नाही. माझ्या काँट्रॅक्टमध्ये ८ नंतरचं दीडपट नव्हतं आणि मी सही करताना पाहिलं नव्हतं.

खरा फटका बसला पाचव्या आठवड्यात. संध्याकाळी पाचला मेसेज: पेशंट कमी आहेत, आज येऊ नका. काँट्रॅक्टच्या पहिल्या पानावर '३६ तासांची हमी' होती. चौथ्या पानावर लिहिलं होतं की दर दोन आठवड्यांत एक ड्यूटी रुग्णालय बिनपगारी रद्द करू शकतं. मी त्याबद्दल सही करण्याआधी विचारलं होतं, "असं सहसा होत नाही" असं उत्तर मिळालं होतं. तेरा आठवड्यांत तीन वेळा झालं. प्रत्येक वेळी पगाराबरोबर भत्ताही त्या प्रमाणात कापला, ७८० डॉलर. तीन मिळून एका अख्ख्या आठवड्याची कमाई गेली. घरमालकीणबाईंनी काही भाडं कमी केलं नाही. भत्ता तासांप्रमाणे कमी-जास्त होत असेल तर तो पगारच, ओव्हरटाइमच्या दरात धरायला हवा, असा निकाल नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या विभागाच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने २०२१ मध्ये दिलेला आहे. मी तो एजन्सीला पाठवला. पगार विभागाकडे दिला आहे म्हणाले.

चांगलंही सांगते. पगार दर शुक्रवारी, एकदाही चुकला नाही. आरोग्यविमा पहिल्या दिवसापासून. आणि त्यांची क्लिनिकल लिएझन, म्हणजे कामातल्या अडचणींसाठी एजन्सीने नेमलेली, स्वतः नर्स असलेली बाई, फोन उचलते. एका रात्री मला दुसऱ्या युनिटमध्ये फ्लोट केलं, म्हणजे त्या रात्रीपुरतं तिथे कामाला पाठवलं, तिथे एक पेशंट रक्तदाबाच्या ड्रिपवर होता. मला त्या ड्रिपचं प्रशिक्षण नाही. सव्वासातला फोन केला, तिने उचलला आणि म्हणाली, "पेशंट ताब्यात घेण्याआधी बोललीस हे बरोबर केलंस. तुला त्या युनिटचं ओरिएंटेशन मिळालेलं नाही, हेच शब्द चार्ज नर्सला सांग." सांगितलं. चार्ज नर्सने लगेच पेशंट बदलला.

म्हणून एजन्सीला पाचपैकी तीन तारे. त्यातला एक त्या लिएझनचा. कॅलिफोर्नियातल्या कामाला पाच.

जानेवारीत हायवे ९९ वर धुकं इतकं दाट असतं की सकाळी ड्यूटीवरून परतताना पुढच्या ट्रकचा दिवासुद्धा दिसत नाही; गाडीने जाणाऱ्यांनी रुग्णालयाच्या जवळ खोली बघावी. फेब्रुवारीत त्याच रस्त्याकडेला बदामाच्या बागा फुलल्या आणि मी नवऱ्याला चार दिवस बोलावून घेतलं.

आता पुढचे १३ आठवडे फ्रेस्नोला, एजन्सी तीच. या वेळी चौथ्या पानावरची ती ओळ काढल्याशिवाय सही करणार नाही म्हणून सांगितलं. रिक्रूटरने दोन दिवस घेतले. नवा कागद आला त्यात ओळ नव्हती, मात्र आठवड्याचे ६० डॉलर कमी होते. मी सही केली.