स्पीकरसाठी एक्स्टेंडर घेऊ की मेश?

भाचीचा प्रश्न, तीन खोल्यांत वायफाय स्पीकर लावलेत पण किचनमधला मधेच गप्प होतो, मग एक्स्टेंडर घेऊ की मेश? एक्स्टेंडर म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, मेश म्हणजे मिळून घरभर एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे.

खर्चात एक्स्टेंडरच स्वस्त, मेशच्या दोन डब्यांना त्याच्या कितीतरी पट पैसे जातात. लावायला दोन्ही सोपे.

खरा फरक आवाज तुटण्यात. गाण्याला स्पीड फार लागतच नाही, सीडीच्या दर्जाचा आवाजही १.४ एमबीपीएसमध्ये मावतो, त्यामुळे खोक्यावरचे मोठाले आकडे बघूच नकोस. साधा सिंगल बँड, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा एक्स्टेंडर ज्या रेडिओवर ऐकतो त्यावरूनच पुढे पाठवतो, म्हणजे स्पीड जवळपास निम्मा होतो आणि गर्दी वाढते. आमच्याकडे तोच होता, मायक्रोवेव्हमध्ये दूध ठेवलं की भजन ओळीच्या मधेच तुटायचं, कारण मायक्रोवेव्ह आणि एक्स्टेंडर दोघंही २.४ गिगाहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर, आईची फार चिडचिड व्हायची गं. मेशचा दुसरा डबा लॅन केबलने राउटरला जोडला तेव्हा कुठे ते थांबलं. केबल नसेल तर तो डबा निदान मधल्या पॅसेजमध्ये ठेव, सिग्नल मरतो त्या कोपऱ्यात नको.

भाड्याचं घर आणि लांबच्या खोलीत एकच स्पीकर असेल तर एक्स्टेंडर चालेल, पण तुला तिन्हीकडे एकत्र गाणी हवीत, तू मेशच घे, आणि केबल टाकूनच घे.